हाक कुठपर्यंत जाते?

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात, तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात सोमवारी सकाळी अकरा फोन मुके होते. मेलेले नव्हते. पडद्यावर उजेड होता, घड्याळाच्या जागी शून्यं होती, आणि खाली नेटवर्कचा पत्ता मागत असल्याची एक ओळ, जी हटत नव्हती. रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, “दादा, हा फोन गेला, दुसरा द्या.” मी तोच फोन उचलून चौथ्या मजल्यावर नेला, तिथल्या वायरीला लावला. मिनिटभरात त्यावर ताईंचा एक्स्टेन्शन नंबर उमटला. फोन ठणठणीत होता. त्याला फक्त आपण कुठं राहतो हे कोणी सांगत नव्हतं.

फोनला असा पत्ता मागावा लागतो, हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटायचं. मी धंदा शिकलो तो ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसाच्या आतल्या छोट्या एक्स्चेंजचा, लॅमिंग्टन रोडवर. हाताखाली घेतलं ते गिरगावातल्या एका निवृत्त लाइनमन काकांनी. त्यांच्या जगात फोनला स्वतःचं असं काहीच नव्हतं. नंबर असायचा तो तारेचा. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची लोखंडी चौकट, मजल्याएवढी उंच. तिच्या एका बाजूला रस्त्याखालून आलेल्या केबलच्या जोड्या, दुसऱ्या बाजूला नंबर, आणि मध्ये दोघांना बांधणारी जंपरची बारीक तार. तुमच्या घरची जोडी ज्या नंबरला बांधली तो तुमचा नंबर. मग त्या जोडीला काळा डबा लावा, लाल लावा, शेजाऱ्याकडून मागून आणलेला लावा, नंबर तोच. म्हणून तर नंबरावरून वस्ती कळायची. २३८२ किंवा २३८६ म्हटलं की गिरगाव, २४३० म्हटलं की दादर, २४१० म्हटलं की परळ. त्यातला पहिला दोनाचा आकडा अलीकडचा, या शतकाच्या सुरुवातीला सात आकड्यांचे आठ झाले तेव्हाचा. पुढचे तीन मात्र वस्तीची जुनी खूण.

त्याआधी, अगदी मुळात, नंबराचीही गरज नव्हती. मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा जोडणीवाले इतके थोडे की मधला माणूस नाव ऐकून खुंटी लावू शकत होता. पत्ता त्या माणसाच्या डोक्यात होता. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ साली स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट घेतलं, तेव्हा पत्ता डोक्यातून निघून लोखंडात गेला. डायल फिरवली की एक्स्चेंजमधला दांडा आकड्याआकड्याने वर सरकायचा, आडवा वळायचा आणि नेमक्या जोडीवर जाऊन थांबायचा. नंबर म्हणजे त्या दांड्याने चालायचा रस्ता. हिंदुस्थानातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला, १९१३-१४ च्या सुमारास.

काकांची तपासणी या रचनेवर उभी होती. लाइन मेली की ते घरातला फोन बघायचे नाहीत. टेस्ट फोनचे चिमटे आधी इमारतीच्या डीपीवर, म्हणजे घराघरांत जोड्या वाटणाऱ्या डब्यावर लावायचे. टोन नाही? मग रस्त्यावरचा पिलर. तिथंही नाही? मग कॅबिनेट. मग एमडीएफ. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, “टोन कुठपर्यंत येतो?” टोन एक्स्चेंजमधून निघतो, घराकडे चालत येतो, आणि वाटेत जिथं थांबला तिथं बिघाड. पावसाळ्यात पिलरमध्ये पाणी शिरायचं आणि त्यांची फेरी बहुतेक तिथंच संपायची. बदललेल्या जोडीचा क्रमांक ते पिलरच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायचे, तारखेसकट. पुढच्या माणसासाठी.

आता या ऑफिसातल्या, नेटवर्कवरून आवाज नेणाऱ्या आयपी फोनचं घराणं बघितलं तर ते टेलिफोनचं नाहीच, संगणकाचं आहे. ऑफिसातल्या नेटवर्कमध्ये प्रत्येकाला वेगळी जोडी एक्स्चेंजपर्यंत जात नाही, सगळे एकाच रस्त्यावर चालतात. तारेकडून पत्ता मिळायची सोय संपली. यंत्राकडे जन्मापासून असतो तो फक्त कारखान्यात कोरलेला बारा अक्षरांचा ओळख क्रमांक, फोन उलटा केला की स्टिकरवर दिसतो तो. १९८०च्या दशकात बिनडिस्कचे संगणक आले आणि हीच अडचण पुढे आली. यंत्र जागं होतं, त्याला स्वतःचं नाव ठाऊक असतं, पण पत्ता नाही आणि चालवायचा प्रोग्रॅमही नाही. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी आरएआरपी नावाची रीत लिहिली. नाव सांगा, पत्ता घ्या, एवढीच. पण सांगणारा त्याच तारेवर हजर लागायचा. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडली. तिच्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक, पत्त्याबरोबर ‘तुझी फाइल अमुक सर्व्हरवर आहे’ हेही कळायचं. दुसरी, हाक पुढे पोचवणारा मध्यस्थ. हाक सगळ्यांना उद्देशून असते आणि राउटरपाशी विरते. चाळीच्या एका मजल्यावर मारलेली आरोळी जशी खालच्या अंगणात नीट पोचत नाही. जिन्यात एक माणूस उभा करायचा, त्याने ऐकून खाली जाऊन सांगायचं आणि उत्तर घेऊन वर यायचं.

ऑक्टोबर १९९३ मध्ये राल्फ ड्रोम्स यांनी याच बूटपीच्या अंगावर डीएचसीपी चढवली, मार्च १९९७ मध्ये तिचा आजचा मसुदा आला. भर पडली ती मुदतीची. पत्ता कायमचा नाही, ठरावीक काळासाठी. ही कल्पना आमच्या भागातल्या माणसाला समजावावी लागत नाही. लालबाग-परळच्या चाळींत गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीने राहिले. दिवसपाळीचा माणूस भोंग्याला निघाला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर वळकटी पसरायचा. जागा मोजक्या, माणसं जास्त, पण सगळी एका वेळी घरात नसायची, म्हणून खोली पुरायची. नेहमीच्या आकाराच्या नेटवर्कात २५४ पत्ते असतात. मुदत लांबलचक ठेवली आणि माणसं वाढली की एक दिवस सगळ्या जागा भरलेल्या निघतात, आणि नवा फोन दारात उभा राहतो.

या वंशावळीत मला सगळ्यात जवळची वाटते ती ४८ व्होल्टची गोष्ट. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांकडून तारेतूनच यायची, ४८ व्होल्ट. म्हणून इमारतीची बत्ती गेली तरी फोन चालायचा. २००३ साली नेटवर्कच्याच वायरीतून वीज द्यायचं मानक ठरलं तेव्हा मूळ आकडा पुन्हा तोच घेतला गेला, ४८. तारेने नंबर देणं सोडलं, वीज देणं परत सुरू केलं. आणि तिथंच माणसं फसतात. पडदा उजळला म्हणजे जोडणी आहे असं वाटतं. उजेडाचा अर्थ एवढाच की वायर अखंड आहे आणि पलीकडचा स्विच जिवंत आहे.

त्या सोमवारी दुसरी एक फसवणूक होती. ताईंचा संगणक फोनच्या पाठीतूनच जोडलेला होता आणि तो व्यवस्थित चालत होता. “नेट चालू आहे, म्हणजे फोनच खराब,” हे सगळा मजला मला सांगत होता. पण एकाच वायरीत दोन रस्ते असतात, संगणकांचा एक आणि आवाजाचा एक. आमच्या भाषेत दोन व्हीलॅन. जागं होताना फोनला स्विच सांगतो की तू अमुक क्रमांकाच्या रस्त्यावर जा, आणि फोन त्या रस्त्यावर उभा राहून हाक मारतो.

मी मजल्यावरच्या स्विचला लॅपटॉप लावला आणि फोनची हाक बघत बसलो. एक हाक, साधारण चार सेकंदांनी दुसरी, मग आठ, मग सोळा, दर वेळी साधारण दुप्पट थांबून. प्रत्येक हाकेच्या पोटात ९९, १३०, ८३, ९९ हे चार आकडे, १९८८ साली बूटपीत ठरलेली खूण, आजही जशीच्या तशी. हाक स्वच्छ निघत होती. तळमजल्यावर मुख्य स्विचपाशी जाऊन तेच बघितलं. तिथं एकही हाक नाही.

काकांचा प्रश्न इथं उलटा करावा लागतो, हे कळायला मला काही वर्षं लागली. आयपी फोनमध्ये कानाला लागणारा टोन एक्स्चेंजमधून येतच नाही, फोन तो स्वतः वाजवतो. त्याच्यामागे चालत जाण्यात अर्थ उरलेला नाही. आता निघते ती हाक, फोनकडून आत. म्हणून विचारायचं ते असं की हाक कुठपर्यंत जाते? चालायची वाट मात्र तीच राहिली, डीपी, पिलर, कॅबिनेटच्या जागी भिंतीतला जॅक, पॅच पॅनल, मजल्याचा स्विच, वर-खाली जाणारी मुख्य वायर, जिन्यातला मध्यस्थ आणि शेवटी पत्ते वाटणारा सर्व्हर. बिघाड यातल्या कुठल्यातरी दोघांच्या मध्ये असतो आणि चालत गेल्याशिवाय दिसत नाही. घाई करणारा माणूस फोनला हाताने कायमचा पत्ता टाकून मोकळा होतो. तसं करू नये. रस्ता बंदच असेल तर त्या पत्त्याचा उपयोग नाही, आणि रस्ता चालू असेल तर महिन्याभराने तोच पत्ता दुसऱ्या कोणाला दिला जातो आणि दोघेही अडकतात.

तिसऱ्या मजल्याचा स्विच शनिवारी बदलला होता. नव्या स्विचवर फोनच्या प्रत्येक पोर्टला दोन्ही रस्ते दिले होते, पण खाली उतरणाऱ्या मुख्य वायरीवर फक्त संगणकांच्या रस्त्याला परवानगी होती. आवाजाचा क्रमांक त्या यादीत घालायचा राहून गेला होता. एक ओळ लिहिली. जिने चढून वर येईपर्यंत सात फोनांवर नंबर आले होते, उरलेले चार आपापल्या पुढच्या हाकेची वाट बघत होते.

ताईंनी हँडसेट कानाला लावून मान हलवली. मी रॅकचं दार उघडलं, आतल्या बाजूला कागदी टेपची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेन्सिलीने मुख्य वायरीचा पोर्ट, दोन्ही रस्त्यांचे क्रमांक आणि तारीख लिहिली.