मांडवीजवळचा खड्डा आणि पाटी नसलेला पुरातत्त्वज्ञ

मांडवीखाली उभं राहिलं की लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट अशा चारही दरवाज्यांकडे रस्ते जातात. आतल्या पोळांत एखादा वाडा पाडून नवीन पाया खणायला घेतला, तर मालक आर्किटेक्टला बोलावतो. १९७२ च्या कायद्याने त्याची नोंदणी झालेली असते, दारावर पाटी असते. पण खड्ड्यातून जुन्या विटा, खापरं निघाली तर बोलवायचं कुणाला? पुरातत्त्वज्ञांची तशी नोंदणी आपल्याकडे नाही.

ही अडचण बडोद्यातच यावी याचं वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी संस्थानासाठी पुरातत्त्व खातं काढलं, १९३४ मध्ये हिरानंद शास्त्री त्याचे संचालक झाले. म्हणजे पगारी, जबाबदार माणूस दरबारातच होता. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, पुढच्याच वर्षी विद्यापीठात पुरातत्त्व विभाग सुरू झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सांकलियांच्या हाताखाली तयार झालेले सुब्बाराव इथे आले, अकोट्याच्या परिसरात खणून त्यांनी शहराचा आधीचा इतिहास मांडला. पुढे रमणलाल मेहतांनी देवनीमोरीचा स्तूप आणि चांपानेर खणलं. चांपानेर २००४ साली जागतिक वारशात गेलं.

असा विभाग दारात असून त्याचे विद्यार्थी पदवीनंतर जातात कुठे? केंद्राचं खातं, राज्याचं खातं, संग्रहालय किंवा प्राध्यापकी, आणि या सगळ्या जागा मोजक्याच. बाकीचे स्पर्धा परीक्षेला बसतात, नाहीतर एखाद्या संवर्धन-आर्किटेक्टकडे कामाप्रमाणे पैसे घेऊन मोजमाप करतात. अहवालावर सही मात्र आर्किटेक्टची! संरक्षित जागी उत्खननाचा परवाना मिळतो, पण तो त्या जागेपुरता आणि मुदतीपुरता. तो काही धंद्याचा दाखला नव्हे.

इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणी नियोजनाच्या चौकटीत आली, खर्च बांधणाऱ्याने द्यायचा. तिथल्या संघटनेला २०१४ मध्ये राजसनद मिळाली. अमेरिकेत १९९८ पासून व्यावसायिकांची नोंदवही आहे. मला वाटतं, क्रम महत्त्वाचा आहे: आधी काम सक्तीचं होतं, मग नोंदणीला किंमत येते. नुसती प्रमाणपत्रं वाटून पोटं भरणार नाहीत.

आपल्याकडे २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांवर नियंत्रण आलं. हजिऱ्याशेजारी ते लागू होतं. पण पोळातला वाडा असं स्मारक नसतो. तिथली खापरं राडारोड्याच्या ट्रॅक्टरमधून सकाळी निघून जातात.