गोल बशी, चौकोनी चौक

पॉलिमर क्लेच्या शोभेच्या बशीवर वारली आकृत्या काढायच्या, तर तळाला आधी गेरूचा रंग हवा. हा रंग मुळात डहाणू-तलासरीतील घरांच्या भिंतीचा: कारवीचा कूड, शेणमातीचे लिंपण, वर गेरू. त्यावर तांदळाच्या पिठात बुडवलेल्या, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात. ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’. मध्ये पालघट देवी. चौकाविना लग्न लागत नाही.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली. तलासरीतील धामणगावी जन्मलेले, पुढे डहाणूतील गंजाडचे झालेले जिव्या सोमा म्हसे लग्नकार्य नसतानाही रोज चित्रे काढत. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण कागदासोबत सही आली, आणि ती बहुतांशी पुरुषांची. भिंती लिहिणाऱ्या बायांची नावे इतिहासात जवळजवळ नाहीतच.

पॉलिमर क्ले ही नावापुरतीच माती. मुळात ते पीव्हीसी प्लास्टिक. ओव्हनमध्ये सुमारे १३० अंश सेल्सिअसला कडक होते. भिंत मात्र पुढच्या लग्नाला पुन्हा सारवली जाते. गोल बशीत तारपा नाचाचे वेटोळे नेमके बसते. देवीचा चौकोनी चौक अशा बशीवर मी अजून पाहिलेला नाही.