मॉरिस मायनरचा पाचवा गिअर

जुन्या वस्तूचा मूळ भाग काढून त्या जागी दुसऱ्याच घराण्याचा भाग बसवला, तर ती वस्तू जुनी राहते का? आपल्याकडे हा प्रश्न वाडे, किल्ले, मशिदी आणि दर्गे यांच्या दुरुस्तीच्या वेळी निघतो. ब्रिटनमध्ये तो गेली कित्येक वर्षे एका लहानशा मोटारीच्या गिअरबॉक्सवरून निघतो आहे. त्या मोटारीचे नाव मॉरिस मायनर. तिकडे अशा चार जणांच्या बंद गाडीला 'सलून' म्हणतात. केस कापण्याच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही!

मी भाषा शिकवतो, मोटारी नाही. पण 'अस्सल' आणि 'भेसळ' हे शब्द माझ्या वर्गात रोज येतात, म्हणून या वादात मला रस वाटला.

मायनरची रचना करणारे अ‍ॅलेक इसिगोनिस 1906 साली स्मिर्ना येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीरमध्ये जन्मले. त्या वेळी ते शहर उस्मानी सल्तनतीत होते. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. 1922 मध्ये ग्रीक-तुर्क युद्धाच्या अखेरीस स्मिर्ना जळाले आणि या कुटुंबाला ब्रिटिश जहाजांनी बाहेर काढले. वाटेत माल्टा बेटावर वडील वारले. आई आणि मुलगा लंडनला पोहोचले. ज्या गाडीला आज 'अस्सल इंग्रजी' म्हणून मिरवले जाते, ती एका निर्वासित मुलाने मोठेपणी काढलेली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांपुढे आली. त्याआधी एक गंमत घडली होती. नमुन्याची गाडी इसिगोनिस यांना अरुंद वाटली. त्यांनी ती मधोमध उभी कापून घेतली आणि दोन भाग सरकवून पाहिले. शेवटी गाडी चार इंचांनी रुंद झाली. बंपर आधीच तयार होते. तेही मध्ये कापून, पट्टी जोडून वापरले गेले. म्हणजे जिला आपण 'मूळ' म्हणतो, ती गाडी जन्मालाच जोड घेऊन आली.

पुढेही ती एकसारखी राहिली नाही. सुरुवातीला तिच्यात 918 सीसीचे जुन्या पद्धतीचे इंजिन होते. 1952 मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि मॉरिसच्या पोटात ऑस्टिनचे 803 सीसीचे इंजिन बसले. 1956 मध्ये 948 सीसी आले, सोबत सुधारलेला गिअरबॉक्स आणि आखूड गिअर दांडा. 1962 मध्ये 1098 सीसी. अशा सोळा लाखांच्या आसपास मायनर रस्त्यावर आल्या. पण दोन गोष्टी शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. गिअर चारच राहिले आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश मिळाले नाही.

हे नेमके काय असते? गिअरबॉक्समध्ये दोन फिरते भाग एकमेकांत गुंतायचे, तर त्यांचा वेग आधी जुळावा लागतो. सिंक्रोमेश म्हणजे तो वेग जुळवून देणारी छोटी कडी. ती नसेल तर गाडी पूर्ण थांबवून पहिला गिअर टाकायचा, नाहीतर क्लच दोनदा दाबून मधे अ‍ॅक्सिलरेटर देत इंजिनाचा वेग स्वतः जुळवायचा. हे जमले नाही की 'खर्रर्र' असा आवाज येतो. आमच्याकडचे जुने ट्रकचालक हा आवाज चांगला ओळखतात.

चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सारखेच फेरे घेतात. गावाबाहेरच्या वळणदार रस्त्यावर ताशी 40-45 मैलांनी जाण्यासाठी हे पुरेसे होते. पण 1958 च्या डिसेंबरात प्रेस्टनजवळ ब्रिटनचा पहिला मोटारवे-तुकडा खुला झाला, 1959 मध्ये एम-1 आला, आणि 1965 च्या अखेरीस ताशी 70 मैलांची कमाल मर्यादा लागू झाली. हीच मर्यादा हळूहळू त्या रस्त्यांची रोजची चाल बनली. मायनरला 70 मैल गाठायचे तर इंजिनाला मिनिटाला चार हजारांहून जास्त फेरे मारावे लागतात. पाच मिनिटे ठीक, तासन्‌तास नाही. गाडी बिघडली नव्हती. तिच्यासमोरचा रस्ता बदलला होता.

1970-71 मध्ये ब्रिटनमधले मायनरचे उत्पादन थांबले. आता सुधारणा करणारा कारखाना उरला नाही. मग ते काम मालकांनी आणि छोट्या गॅरेजांनी हाती घेतले. त्यांना सापडला फोर्डचा 'टाइप 9' हा पाच गिअरचा बॉक्स. तो 1980 च्या दशकातील फोर्ड सिएरा गाडीत भरपूर मिळत असे. तोही मुळात चार गिअरचाच, पाचवा मागच्या टोकाला वाढवून जोडलेला! त्याच्या पाचव्या गिअरचे प्रमाण 0.82 आहे. म्हणजे शाफ्टचे 100 फेरे होतात तेव्हा इंजिनाचे 82 होतात. त्याच 70 मैलांच्या वेगाला इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास उतरते. आवाज कमी, पेट्रोल कमी, झीज कमी. पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश.

यात इसिगोनिस यांच्याच कर्तृत्वाची एक गाठ आहे. 1959 च्या मिनीमध्ये त्यांनी इंजिन आडवे ठेवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली नेला आणि पुढची चाके फिरवली. इंजिन आडवे ठेवून पुढची चाके फिरवण्याची रीत पुढे जगभर पसरली. मायनरला मात्र मागची चाके फिरवणारा बॉक्स लागतो. सिएराची जागाही 1993 मध्ये पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोंडेओने घेतली. त्यांच्या एका गाडीच्या यशामुळे दुसरीचे सुटे भाग दुर्मीळ झाले.

बदल करणे म्हणजे चार बोल्ट काढणे नव्हे. इंजिन आणि नवा बॉक्स यांच्यामध्ये जुळणारे हाउसिंग हवे. क्लच प्लेटचे दाते फोर्डच्या शाफ्टला बसले पाहिजेत. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, खालचा आधार बदलतो, वेगमापकाची केबल नव्याने जुळवावी लागते. आणि ब्रेक? ते जुनेच ड्रम ब्रेक. म्हणून जाणते मिस्त्री सांगतात की पाचवा गिअर निवांत जाण्यासाठी आहे, शर्यतीसाठी नाही.

अस्सलतेचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणेही मी हलके मानत नाही. मायनरच्या गिअरचा तो गुणगुणता आवाज हाही इतिहासाचा पुरावा आहे. सगळ्यांनीच तो काढून टाकला, तर 1950 च्या दशकात सामान्य माणूस कशी गाडी चालवत होता हे पुढच्या पिढीला कळणार कसे? त्यासाठी काही गाड्या जशाच्या तशा राहिल्याच पाहिजेत.

ब्रिटिश परिवहन खात्याने या प्रश्नाला चक्क गुण दिले होते. फेरफार केलेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक ठेवायचा तर 14 पैकी किमान 8 गुण लागत. सांगाड्याला 5, इंजिनाला 1, गिअरबॉक्स आणि त्याच्या जोडणीला 2. म्हणजे गिअरबॉक्स गेला तरी 12 उरत. सांगाडा मात्र सोडता येत नसे. ही पद्धत अनेक वर्षे चालली.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती असलेली अँबॅसॅडर 2014 पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. पण गिऱ्हाईक रांगेत उभे असल्यामुळे बदलाची घाई कुणाला नव्हती. इसुझूचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स तिला 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला, जन्मानंतर साधारण साडेतीन दशकांनी. तिथे कारखाना बंद पडला तरी लोकांनी गाडी सुधारली. इथे कारखाना चालू होता, तरी गाडी थांबून राहिली.

कागद, दुकान, हजार हे शब्द मराठीत बाहेरून आले. ते काढून टाकले तर मराठी शुद्ध होणार नाही, ती बोलता येणार नाही. वारशाचेही तसेच आहे. मायनरच्या मालकांपैकी ज्यांची रीत मला पटते, ते मूळ पत्रा न कापता नवा बॉक्स बसवतात, काढलेला जुना बॉक्स तेल लावून गुंडाळून ठेवतात आणि काय, कधी बदलले याची नोंद गाडीच्या कागदांत लावतात. उद्या कुणाला मूळ रूप हवे असेल तर परतीची वाट शिल्लक राहते. किल्ला, वाडा किंवा दर्गा दुरुस्त करणाऱ्यांनीही एवढे तीन नियम पाळले, तर आपले बरेच वाद मिटतील.