अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी

गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. वय सत्तेचाळीस. "कुणाला सांगू नकोस हं," असं वर मलाच बजावलं. म्हणून आजची गोष्ट पार्वतीबाई आठवले यांची.

जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखचा. लग्न लहानपणीच झालेलं. विसाव्या वर्षी नवरा गेला. पदरात मुलगा, आणि शिक्षण जवळजवळ नाहीच. थोरली बहीण गोदूबाईही विधवा. ती मात्र पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुण्यात या बहिणीच्या आधाराने पार्वतीबाई शिकायला बसल्या. ज्या वयात बायका मुलांचा अभ्यास घेतात, त्या वयात स्वतःचा अभ्यास!

पुढे त्यांनी कर्व्यांच्या विधवाश्रमाचं काम हाती घेतलं, गावोगाव फिरून भाषणं केली, वर्गणी जमवली. पण इंग्रजी राहूनच गेलं होतं. १९१८ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला निघाल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं आणि इंग्रजी शिकल्या. परत येऊन 'माझी कहाणी' लिहिली.

आपण म्हणतो, जिद्द पाहिजे. ती तर पाहिजेच हो. पण मला यात बहीणही दिसते. उशिरा शिकणाऱ्याला शाळेआधी घरातलं एक माणूस लागतं, जे हसत नाही.

मावशीला बीजगणित जड जातंय. आजपासून रात्री नऊ ते दहा मी तिच्या शेजारी बसणार आहे. तुमच्या घरात कोण आहे?