सोसायटीतला मत नसलेला रहिवासी

सोसायटीची वार्षिक सभा म्हटली की हिशेब, पाणी आणि पार्किंग यांच्या पाठोपाठ एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे भाडेकरू. कुणी रात्री उशिरापर्यंत गाणी लावतं, कुणी जिन्यात चपलांचं कपाट ठेवतं, कुठे दोन खोल्यांत आठजण राहतात. मग एखादे काका उठून म्हणतात, "त्यांचं पाणी तोडा!" सभेत माना डोलतात. पण सोसायटीला असं करता येतं का? या प्रश्नाच्या मागे मी जुन्या कायद्यांपर्यंत गेलो, तेव्हा पहिलंच आश्चर्य भेटलं ते 'भाडेकरू' या शब्दाबद्दल.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था असा तिचा उल्लेख केला जातो. तिथे फ्लॅटचा मालक असा कुणी नव्हता. इमारती संस्थेच्या आणि सभासद हे संस्थेचे भाडेकरू! ही पद्धत इंग्लंडमधून आली होती. जो भाडं भरी, त्यालाच सभेत मत असे. नियम करणारी आणि पाळणारी माणसं एकच होती.

पुढे चित्र पालटलं. घरांची टंचाई वाढली आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला काढणंही अवघड झालं. गरिबाला त्याचा मोठा आधार होता, यात शंका नाही. पण घर भाड्यानं द्यायला माणसं कचरू लागली. त्यातून पागडी फोफावली आणि 'लीव्ह अँड लायसन्स' रूढ झालं. कागदावर हा माणूस भाडेकरू नव्हे, काही महिने राहू दिलेला. सरकारनं १९७३ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराखाली राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. घरमालकांची धास्ती आणखी वाढली.

दरम्यान सोसायटीतला फ्लॅट ही मालमत्ता बनली होती. सभासद बदलीवर दुसऱ्या गावी जाई, फ्लॅट दुसऱ्याला देई. या दुसऱ्याचा आणि सोसायटीचा संबंध काय? १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 'नाममात्र सभासद' असा एक प्रकार आहे. त्याला नफ्यात वाटा नाही आणि मतही नाही. सोसायट्या भाडेकरूला नाममात्र सभासद करून घेऊ लागल्या, म्हणजे तो नियमांच्या कक्षेत येईल. मुंबईच्या अशाच एका प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा वाद संस्थेच्या कामकाजाशी निगडित आहे आणि तो सहकार कायद्याखाली चालू शकतो. अपार्टमेंट म्हणजे कॉन्डोमिनियमसाठी १९७० चा वेगळा कायदा आहे. तो तर मालकांइतकाच त्यांच्या भाडेकरूंनाही बंधनकारक आहे.

काही सोसायट्यांनी मात्र पैशाचा मार्ग धरला. फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या सभासदाला इतकं बिनभोगवटा शुल्क लावायचं, की त्यानं तो नादच सोडावा! शासनानं १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं या शुल्कावर सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये ती वैध ठरवली.

आता पाण्याकडे वळू. १९४७ च्या कायद्यानं आणि त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या कायद्यानंही, रास्त कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी-वीज तोडायला घरमालकाला मनाई केली आहे. जो अधिकार घरमालकालाच नाही, तो सोसायटीनं आणायचा कुठून? तिचा खरा हात पोचतो तो सभासदापर्यंत. नोटीस द्यायची ती त्याला, करारातल्या अटींची आठवण करून द्यायची ती त्याला. मुदत संपूनही राहणारा हलत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि राहणाऱ्याला दुप्पट शुल्क द्यावं लागतं. सोसायटीपुढे सहकार न्यायालयाचा मार्ग असतो. सभासदालाच काढायचं, तर सभेत तीन-चतुर्थांश बहुमत हवं आणि वर निबंधकांची मंजुरीही. हे सगळं सावकाश चालतं आणि तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याची झोप तोवर उडालेली असते, हेही खरं.

तरीही हा सावकाशपणा मला अगदीच गैर वाटत नाही. ज्या माणसाला सभेत बोलता येत नाही, त्याच्यावर सभेनं केलेले नियम लागू होतात. निदान ते त्याच्या हाती तरी पडावेत. पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत आपण पहिल्याच दिवशी मागतो. त्याच दिवशी नियमांचा एक कागद, त्याला वाचता येईल अशा भाषेत, त्याला द्यावा. तक्रार आली तर नोटीस काढण्याआधी सेक्रेटरींनी एकदा त्याच्या दाराची बेल वाजवून त्याचं म्हणणं ऐकावं. जिन्यातलं कपाट हलवायला बहुतेक वेळा एवढं पुरेसं होतं.