खान्देशातून खांदेरीला

दिवाळीनंतर वरणगावहून गाडीत गाद्या न् स्टोव्ह टाकून कोकण किनाऱ्याला गेलो. आमची तापी समुद्राला मिळते ती सुरतेपाशी, पण समुद्र पाहायचा तर कोकणातच!

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचं दीपगृह दिसतं. १६७९ मध्ये शिवरायांनी हे बेट बांधायला घेतलं आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. बंदराच्या तोंडाशीच मराठे! त्यांनी गलबतं आणून नाकेबंदी केली. मायनाक भंडारींची माणसं मात्र रात्री छोट्या होड्यांतून सामान पोचवत राहिली. तट उभा राहिलाच. गंमत बघा, ज्या बेटासाठी एवढ्या तोफा डागल्या, तिथेच १८६७ मध्ये इंग्रजांनी आपल्या जहाजांसाठी दिवा लावला. आज त्या बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे.