गर्भिणीचा आहार, मुंबईचे संशोधन आणि श्रेयाची मोजदाद

गरोदर स्त्रीने काय खावे, किती विश्रांती घ्यावी आणि कशापासून दूर राहावे याविषयीचे नियम भारतीय समाजात फार जुने आहेत. मात्र एखादा आहार आणि एखादा आजार यांचा संबंध प्रयोगाने तपासून त्यावर उपाय शोधण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली, आणि तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा १९२८ ते १९३३ या काळात मुंबई, कुन्नूर व मद्रास येथे घडला. या टप्प्यातून पुढे फोलिक आम्ल या जीवनसत्त्वाचा शोध लागला. शोधाचे श्रेय कोणाला किती, हा प्रश्न त्याच शतकात लेखकत्व मोजण्याच्या पद्धतींच्या रूपाने पुढे आला, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यास ज्ञान कोणाकोणाच्या श्रमातून तयार होते व त्यातले किती श्रम नोंदीत उरतात हे स्पष्ट होते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीसाठी महिन्यामहिन्याचा आहार सांगितला आहे. पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधातून काढलेले लोणी, असा त्याचा क्रम आहे. महाराष्ट्रातील घरांमध्ये या विचाराचा लौकिक अवतार डोहाळे पुरवणे, डोहाळजेवण, ओटी भरणे आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाणे या चालीरीतींत दिसतो. गर्भिणीच्या इच्छेला मान द्यावा, तिला दोन घास जास्त मिळावेत आणि कष्टाच्या कामातून तिची काही काळ तरी सुटका व्हावी, हा या रूढींचा गाभा होता. परंतु ज्या घरात दूध, तूप व ताजी भाजी यांचीच वानवा असे, तेथे पथ्याचा नियम माहीत असूनही तो पाळता येत नसे. म्हणून गर्भारपणातील आहाराचा प्रश्न स्त्रीच्या ज्ञानाइतकाच तिच्या मजुरीचा आणि घरातील वाट्याचाही होता.

१९२०च्या दशकातील मुंबईत ही गोष्ट ठळकपणे दिसत होती. कापडगिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत, चाळींतील खोल्या दाटीच्या व अंधाऱ्या होत्या, आणि बाळंतपणासाठी कामावर न जाणे म्हणजे त्या दिवसांच्या मजुरीला मुकणे होते. प्रसूतिकाळात गिरणी कामगार स्त्रियांना आर्थिक लाभ देण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळासमोर आले, तेव्हा जुलै १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला आणि प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. पुढच्याच वर्षी, १९२९मध्ये, मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. याच सुमारास डॉ. मार्गारेट बाल्फोर भारतातील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी करीत होत्या. गरोदरपणातील तीव्र रक्तक्षय हे त्या मृत्यूंचे एक मोठे कारण होते, आणि त्याचा अभ्यास करण्यासाठी लंडनच्या डॉ. ल्युसी विल्स १९२८मध्ये मुंबईत आल्या.

विल्स यांचा जन्म १८८८चा. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास केला होता आणि १९२०मध्ये लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या होत्या. मुंबईत त्यांचे काम परळच्या हाफकिन संस्थेत सुरू झाले. ज्या आजाराचा त्या शोध घेत होत्या त्यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या फार घटे, आणि उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. अशा रक्तक्षयाला स्थूलपेशी रक्तक्षय म्हणता येईल. हा आजार संसर्गाने होतो का, हे त्यांनी आधी तपासले; तसा पुरावा न मिळाल्यावर त्यांचे लक्ष स्त्रियांच्या ताटाकडे वळले. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीमानाची पाहणी केली आणि ती १९३०मध्ये प्रसिद्ध झाली. हा आजार गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये विशेष आढळत होता, आणि त्यांच्या जेवणात ताजी फळे, भाज्या व दूध यांचे प्रमाण फार कमी होते.

यानंतरचे काम पायरीपायरीने पुढे गेले. या स्त्रियांच्या आहारासारखाच आहार उंदरांच्या गर्भार माद्यांना दिला असता त्यांना रक्तक्षय झाला, आणि आहारात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. मात्र उंदरांमध्ये उवांमार्फत पसरणारा एक वेगळा संसर्गही रक्तक्षय घडवीत असल्याचे पुढे दिसून आले आणि या प्रयोगांचा निष्कर्ष संशयास्पद ठरला. म्हणून माकडांवर प्रयोग झाले. त्यांना तसाच निकृष्ट आहार दिल्यावर रक्तक्षय झाला आणि मार्माइट या यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. मार्माइट हा इंग्लंडमध्ये पावाला लावून खाण्याचा स्वस्त, काळसर व खारट पदार्थ. रुग्ण स्त्रियांना तो दिल्यावर काही दिवसांतच त्यांची भूक परत येई आणि रक्तात नव्या तांबड्या पेशी वाढू लागत. हे निष्कर्ष विल्स यांनी १९३१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले.

त्या काळात घातक रक्तक्षयावर यकृताचा अर्क हा मान्य उपचार होता. जॉर्ज मिनॉट व विल्यम मर्फी यांनी १९२६मध्ये यकृतयुक्त आहाराची परिणामकारकता दाखवली होती. पण यकृताचे जे शुद्ध केलेले अर्क घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरत, ते गरोदर स्त्रियांच्या या आजारावर चालत नसत, तर कच्चे यकृत व यीस्टचा अर्क चालत. त्यावरून दोन्ही आजारांत वेगवेगळे घटक कमी पडत असल्याचे दिसले, आणि १९३७मध्ये विल्स, क्लटरबक व इव्हान्स यांनी या निराळ्या घटकाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. हा घटक ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला गेला. १९४१मध्ये मिचेल, स्नेल व विल्यम्स यांनी पालकाच्या पानांतून जे द्रव्य वेगळे केले त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले, आणि १९४५मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेशी संबंधित चमूने त्याचे कृत्रिम संश्लेषण ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले.

श्रेयाच्या मोजदादीचा प्रश्न येथे उभा राहतो. शास्त्रज्ञांची उत्पादकता मोजण्याचा एक प्रारंभिक प्रयत्न आल्फ्रेड लोटका यांनी १९२६मध्ये केला. लेखांची संख्या वाढत जाते तसे तितके लेख लिहिणाऱ्यांचे प्रमाण वेगाने घटते, हे त्यांनी दाखवले. पण मोजणी करताना त्यांनी प्रत्येक लेखाचा एकच, मुख्य लेखक धरला. १९६०च्या दशकात युजीन गारफिल्ड यांनी सुरू केलेल्या उद्धरणसूचीतही उद्धृत लेख पहिल्या लेखकाच्या नावाखाली लावले जात. पुढे या मोजणीचे चार प्रकार रूढ झाले. पूर्ण गणनेत प्रत्येक लेखकाला एक पूर्ण श्रेय मिळते, प्रथमलेखक गणनेत केवळ पहिल्याला, अपूर्णांक गणनेत एक श्रेय सर्वांत सारखे वाटले जाते, आणि हरात्मक गणनेत लेखकाचे स्थान जितके मागे तितका त्याचा वाटा लहान होत जातो.

मुंबईच्या संशोधनाला या पद्धती लावून पाहाव्यात. विल्स व एम. एम. मेहता यांनी मिळून लिहिलेल्या लेखात प्रथमलेखक गणनेनुसार मेहता यांच्या वाट्याला शून्य येते, अपूर्णांक गणनेनुसार अर्धा भाग येतो, आणि हरात्मक गणनेनुसार एक तृतीयांश. संश्लेषणाविषयीच्या १९४५च्या लेखावर सोळा नावे आहेत आणि आठ-आठ जणांच्या दोन गटांत ती वर्णानुक्रमे लावलेली आहेत. लेडर्ले येथील संशोधनाचे दिग्दर्शक, आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव, त्यात आद्याक्षरामुळे सातवे येतात. अपूर्णांक गणनेने त्यांचा वाटा ०.०६२५ ठरतो, आणि हरात्मक गणनेने पहिल्या लेखकाच्या एक सप्तमांश. पण येथील क्रम कामाचे मोल सांगतच नसल्याने हा दुसरा आकडा निरर्थक ठरतो. मोजण्याची पद्धत कितीही नेटकी असली तरी नावांच्या क्रमामागील प्रथा ठाऊक नसेल तर तिच्यातून अन्यायच निपजतो.

या उणिवांमुळे पुढे संख्येऐवजी कामाचे स्वरूप नोंदवण्याकडे कल वाढला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८५मध्ये लेखकत्वाचे निकष घालून दिले, आणि २०१४मध्ये संकल्पना, पद्धतीची आखणी, प्रत्यक्ष शोधकार्य, लेखन, देखरेख, निधी मिळवणे अशा चौदा भूमिकांची यादी पुढे आली, जिला २०२२मध्ये अमेरिकेत प्रमाणित दर्जा मिळाला. या दृष्टीने पाहिले तर चौकशी उभी करून विल्स यांना भारतात बोलावणाऱ्या बाल्फोर, आहाराच्या पाहणीतील सहलेखक तळपदे आणि प्रयोगांवरील लेखनातील सहलेखक मेहता या सर्वांना इतिहासात स्पष्ट जागा मिळते. तरीही एक गट कोणत्याही यादीत बसत नाही. आपल्या घरातील जेवणाची माहिती देणाऱ्या, रक्त देणाऱ्या आणि नवा उपचार घेणाऱ्या स्त्रियांची नावे गोपनीयतेमुळे लेखांत येत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या सहभागाशिवाय हे ज्ञान उभेच राहिले नसते, हे स्पष्ट शब्दांत नोंदवणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

या ज्ञानाचा विस्तार पुढेही होत राहिला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१च्या चाचणीत, आधी मज्जारज्जूच्या जन्मजात विकृतीचे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आसपास फोलिक आम्ल घेतल्यास ती विकृती पुन्हा उद्भवण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, असे आढळले. भारतात १९७०पासून गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक आम्ल एकत्र असलेली गोळी देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, आणि आज आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली ती लाल गोळी गावोगावच्या घरांत पोहोचते. त्या गोळीमागे मुंबईतील स्त्रियांनी सोसलेला आजार, परळच्या प्रयोगशाळेतील श्रम आणि अनेक सहलेखकांचे काम आहे. विद्यापीठे व निवड समित्या संशोधकांची योग्यता ठरवताना केवळ नावांच्या क्रमाचा आधार घेत राहिल्या, तर आजच्या संशोधनातील तळपदे व मेहताही उद्याच्या इतिहासातून निसटतील. म्हणून कोणी कोणते काम केले याची सविस्तर नोंद ठेवणे आणि ती वाचण्याची सवय लावून घेणे हे विज्ञानव्यवहाराचे न्याय्य व अत्यावश्यक अंग मानले पाहिजे.